प्रमुख संशोधक पाहिजे, बाई असल्यास उत्तम

दीपमाला आपल्याच विभागात काम करते, हा शोध मुकुंदसरांना नऊ वर्षांनी लागला. हर्सूलकडच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख म्हटल्यावर एखादा शोध तर लागायलाच हवा.

झालं असं, की सरकारनं योजना काढली. संशोधनाला पैसा भरपूर, पण प्रमुख संशोधक बाईच हवी. अडला हरी गाढवाचे पाय धरी! सरांनी चक्क स्वतः चहा मागवला आणि आपला रंगांवरचा प्रकल्प तिच्यापुढं सरकवला. वर तिचं नाव टाईप करून तयार.

"तुम्ही फक्त सही करा. बोलायला मी आहे. आणि मुलाखतीला साडी नेसून या, म्हणजे समितीची खात्री पटेल."

दीपमालाचा स्वतःचा प्रस्ताव सरांच्या शिफारशीवाचून पडून होता. पैठणकडच्या तिच्या गावात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं पोरांचे दात पिवळे पडत होते. ते पाणी स्वस्तात शुद्ध करायची पद्धत तिनं शोधली होती. सर आधी म्हणाले, लग्न होऊ द्या. मग म्हणाले, बाळंतपण होऊ द्या. आता म्हणाले, आधी माझं होऊ द्या, मग तुमचं पाठवतो. तिनं सही केली आणि घरी जाऊन स्वतःचाच राग राग केला.

समितीत पाच पुरुष होते. सहाव्या, महिला सदस्य, शेजारच्या हॉलात सत्काराची रांगोळी बघत होत्या. चार प्रश्नांची उत्तरं सरांनी दिली. पाचवा नेमका तिच्याकडं आला.

"मॅडम, हे महागडं यंत्र कशासाठी?"

दीपमालाचा संयम सुटला, तशी गावची बोलीही सुटली. "मला नाय माहीत. प्रकल्प सरांचा हाय. माझा पाण्याचा हाय, तो इचारा. लई सांगता येईल."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

महिन्यानं पत्र आलं. प्रकल्प मंजूर! खाली शेरा होता, 'प्रमुख संशोधक महिलेस विषयाचे ज्ञान नाही. सर्व अधिकार डॉ. मुकुंद यांच्याकडे असावेत.'

दीपमालानं नाव मागं घेतलं.

"संधी दिली तरी बायका पुढं येत नाहीत," असं हळहळत सर भौतिकशास्त्र विभागात दुसरी बाई शोधायला गेले. नाव मागं घेणाऱ्या बाईला तीन वर्षं कुठल्याच योजनेत अर्ज करता येत नाही, हा नियम तिला नंतर कळला. तीन वर्षांत गावातल्या पहिलीच्या पोरांचे दुधाचे दात पडून नवे येतील. पिवळे.