दिव्यापाशी हात

"तीसरा रोल है यार. और कोई कुछ बोलता भी नहीं."

अंशुमन कुजबुजला, पण डार्करूममध्ये कुजबूजही खणखणीत ऐकू येते. डार्करूममधल्या, रोल भरायच्या त्या कपाटाएवढ्या मिट्ट काळोख्या खोलीत तो आणि अक्षता उभे होते. आणि त्यांच्या मागे हातभर अंतरावर, फळीवरच्या बाटल्या चाचपत, दत्तात्रय. तो आत आहे हे पोरांच्या गावीही नव्हतं. अक्षताने अंशुमनला गप्प केलं. दत्तात्रयने श्वास धरून ठेवला. चोपन्न वर्षांच्या माणसाने स्वतःच्याच खोलीत चोरासारखं उभं राहावं, याचं त्याला हसू आलं असतं, पण पोरगं खरं बोलत होतं. चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या जागी ते कायम करणाऱ्या हायपोची बाटली त्याच्या हातात आली होती आणि अंशुमनचा अख्खा रोल काचेसारखा कोरा निघाला होता.

नोएडात, पंख्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात ही संस्था निघून सहा वर्षं झाली होती. टीव्हीवर चॅनेलं वाढली, तशी फोटो आणि व्हिडिओ शिकवणारी दुकानंही वाढली. दत्तात्रय त्याआधी कनॉट प्लेसच्या एका स्टुडिओत बावीस वर्षं होता. रंगीत फोटो धुणारी यंत्रं आली, स्टुडिओच्या जागी जीन्सचं दुकान आलं, आणि दत्तात्रय यमुना ओलांडून इथला डार्करूमवाला झाला. पोरं त्याला अंकल म्हणत. दिल्लीतच वाढलेली अक्षता तेवढी काका म्हणे.

डोळ्यांचं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, नस सुकत चाललीय, गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायला थेंब घाला. जग आधी ताटाएवढं उरलं, मग बांगडीएवढं, आणि आता त्या बांगडीतही नुसतं पाणचट दूध. खोलीत कुठेतरी दिवा आहे एवढं कळे. लाल की पांढरा, ते कळायचं बंद झालं होतं.

आणि डार्करूमवाल्याला नेमकं तेच कळायला हवं. फोटोच्या कागदाला लाल उजेड चालतो. पांढऱ्यात कागदाचा डबा क्षणभर उघडा राहिला तरी सगळा कागद वाया. दत्तात्रयने त्यावर उपाय काढला होता. पांढरा दिवा दारामागच्या कोपऱ्यात, डोक्याच्या उंचीवर. डबा उघडण्याआधी तो तिथे जाई आणि तळवा बल्बपाशी नेई. बल्ब गार म्हणजे दिवा बंद. पोरांना वाटे, अंकल दिव्याला नमस्कार करतात. एका मुलीने तर परीक्षेच्या दिवशी तिथेच हात लावून कपाळाला लावला होता.

रोल भरताना तर प्रश्नच नव्हता. तिथे लाल दिवाही नसतो, सगळेच आंधळे, आणि त्यात हात चालायचा तो फक्त दत्तात्रयचा. साऱ्या दिल्ली-नोएडात आता हीच एक आठ बाय दहाची डार्करूम होती जिथे तो कुणापेक्षा कमी नव्हता. ती गेली तर मग तो नुसता घरातल्या खुर्चीतला माणूस.

त्या वर्षी पोरांच्या प्रोजेक्टचा विषय होता सररिअलिझम. मल्होत्रा सरांनी इंग्रजीत समजावलं, पोरांनी माना हलवल्या. दत्तात्रयने अक्षताला विचारलं, तर ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, जे असतं तेच काका, पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की अरे, हे असू कसं शकतं. त्यासाठी तिला लांब जावं लागलं नाही. नोएडाचे पुढचे सेक्टर बांधायला घेतले होते. मोहरीच्या शेतात नुसताच जिना उभा. घराचा पत्ता नाही, पण फाटकाला कुलूप. उघड्या माळावर रांगेने मांडलेले पन्नासेक पांढरे कमोड, जसे काही पाहुण्यांची वाट बघतायत.

जिन्याचा प्रिंट डेव्हलपरच्या ट्रेमध्ये होता, अक्षता पाणी प्यायला बाहेर गेली होती, आणि वीज गेली. भिंत चाचपताना दत्तात्रयचा हात पांढऱ्या बटणाला लागला असावा. वीज आली, पंखा घरघरला, कुठेतरी उजेड झाला. तो लालच, असं धरून दत्तात्रय ट्रे हलवत राहिला. मग तापल्या धुळीचा वास नाकाशी आला. धावत जाऊन त्याने तळवा धरला. बल्ब गरम होता.

दिवा बंद करून त्याने तो प्रिंट तसाच पुढे धुतला. अक्षता आली, बघत राहिली. मग तिने त्याला सांगितलं, काय दिसतंय ते. आकाश काळं झालं होतं, मोहरी राखेसारखी, आणि जिन्याच्या प्रत्येक कडेला कुणी चांदीची तार ओवावी तशी बारीक रेघ. कसं केलंत काका, म्हणाली. तो म्हणाला, जुनी युक्ती आहे. ते खोटं नव्हतं. स्टुडिओत हौशी लोक मुद्दाम एक क्षण दिवा लावून असे प्रिंट काढत. फक्त इथे ते दत्तात्रयने केलं नव्हतं, त्याच्या हातून झालं होतं.

प्रिंट मल्होत्रा सरांना भयंकर आवडला. गुरुवारी बाहेरून परीक्षक मॅडम येणार होत्या, त्यांच्यासमोर अंकलनी हे करून दाखवायचं, असं ठरलं. सरांनी खांद्यावर हात ठेवून आणखी एक सांगितलं: डार्करूमच्या जागेत कॉम्प्युटर आणावेत असं वर चाललंय, मॅडमनी चांगलं लिहिलं तर खोली वाचेल. खोली म्हणजे कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर साधनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, नोकरीवर मिळालेलं. दोन वर्षांत साधनाने घरातली एक खुर्ची इकडची तिकडे केली नव्हती. रोज सकाळी ती दुधाची बरणी घेऊन त्याला नोकरदारांच्या चार्टर्ड बसपर्यंत सोबत करी. दूध घरी आधीच आलेलं असे.

गुरुवारचं ऐकून तिचे मटार सोलणारे हात थांबले.

"नको म्हणा."

"का?"

"का म्हणजे? थकता हल्ली तुम्ही."

'डोळे' या शब्दाच्या अलीकडेच दोघं थांबले, नेहमीसारखे. मग तिने सालं उचलली, टेबल पुसलं आणि काही न विचारता डार्करूममधल्या ट्रेंसारखी स्टीलची तीन ताटं ओळीने मांडली. सलग तीन संध्याकाळी तो जुन्या वहीचं पान एका ताटातून दुसऱ्या ताटात सरकवत होता आणि ती घड्याळाकडे बघत सेकंद मोजत होती. तिसऱ्या दिवशी एकही चूक झाली नाही. साधनाने शिरा केला.

गुरुवारी खोलीत पाच माणसं होती. मॅडमना उभं राहायला जागा दिसावी म्हणून मल्होत्रांनी पांढरा दिवा लावला होता. दत्तात्रयने दार लावलं, लाल दिव्याचं बटण दाबलं आणि सवयीने हात वर करून कोपऱ्याकडे गेला. तिथे अत्तराचा वास होता.

"जी?" मॅडम म्हणाल्या.

त्याने हात मागे घेतला. परक्या बाईच्या खांद्यावरून हात कसा न्यायचा? सरांनी दिवा मालवलाच असेल. एवढं तर त्यांना कळतं.

तो टेबलापाशी आला आणि त्याने कागदाचा डबा उघडला.

खोली एकदम गप्प झाली. ती शांतता त्याला मानाची वाटली. आवाज मोकळा झाला. चांगल्या हिंदीत तो स्टुडिओच्या गोष्टी सांगत होता, बोटाने कागदाची कड चाचपून सुलटी बाजू शोधत होता, फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरखाली आकडे मोजत होता. हात इतके सफाईने चालत होते की बघणाऱ्याने बघत राहावं. कागद डेव्हलपरमध्ये सरकवून तो म्हणाला, अब देखिए, पहले सीढ़ी के किनारे आएँगे. ट्रेमध्ये कागद कोळशासारखा काळा होत गेला. मॅडमनी पुढे झुकून पाहिलं आणि नजर जमिनीकडे वळवली. मल्होत्रा खाकरले. अंशुमनने अक्षताकडे पाहिलं.

"बस, अब एक सेकंड की रोशनी," दत्तात्रय म्हणाला आणि त्याने पांढरं बटण दाबलं. खोली लाल काळोखात बुडाली. त्याने मोजलं, एक, आणि पुन्हा दाबलं. लख्ख पांढरा उजेड परत आला. उघडा डबा, काळा कागद आणि त्याचा घामाने चमकणारा, समाधानी चेहरा.

तो ट्रे हलवत राहिला. मग त्याने मराठीत विचारलं,

"अक्षता, कसा आलाय गं?"

मस्त, म्हणता आलं असतं. दोन महिने ती तेच म्हणत आली होती. ती जवळ आली आणि ट्रेची कड धरलेल्या त्याच्या हातावर तिने आपला हात ठेवला. डेव्हलपरचं पाणी हळूहळू स्थिर झालं.

"काका," ती म्हणाली, "दिवा केव्हाचा चालू आहे. तुम्हाला दिसत नाही."