जाळीच्या दरवाजाचा संशय

मित्रांनो, विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जो जुना, गंजका जाळीचा दरवाजा दिसतो, तो मी. वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. तिथल्या वेल्डरने मला ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हा कोणावर विश्वास ठेवणार नाही." ते कौतुक मी अजून विसरलेलो नाही.

संशय घेणं हेच माझं काम. कुरिअरवाला, वर्गणीवाले, गोडबोले विक्रेते, सगळ्यांना मी बाहेर तिष्ठत ठेवलं. या घरच्या आशालताकाकू दर दिवाळीला मला रंग द्यायच्या. पुढे त्यांचं माझ्यावरचं लक्ष उडालं, कारण त्यांचा सगळा संशय प्रल्हादकाकांवर, म्हणजे स्वतःच्या नवऱ्यावरच बसला.

वर्षातले काही आठवडे काका रोज संध्याकाळी डोकं धरायचे. एक डोळा लालभडक, त्यातून पाणी. घरभर येरझाऱ्या घालायचे आणि शेवटी माझ्या गजांवर कपाळ आपटायचे. काकू त्यांचं तोंड हुंगायच्या. दारूचा वास यायचा नाही, म्हणून संशय आणखीच वाढायचा. "बिनवासाची पीत असतील," असं त्या बहिणीला फोनवर सांगायच्या. यंदा तर त्यांनी माहेरी जायला बॅग भरली.

बॅग उंबऱ्याशी आली आणि बेल वाजली. बाहेर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी उभी होती. हेमाली तिचं नाव. डोकेदुखीची पाहणी करतेय म्हणाली. मला तिची पिशवी मुळीच आवडली नाही.

"ओटीपी मागायचा नाही हं," काकू जाळीतूनच म्हणाल्या. "आणि आमच्याकडे कोणाला काही नाही."

"ओटीपी नको, काकी. एक डोकेदुखी असते, फार कमी लोकांना होते. आपल्या विरारमध्ये किती जणांना आहे, ते मोजतोय. एकाच बाजूला दुखतं, त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी येतं. माणसाला पडून राहवत नाही. नुसत्या फेऱ्या मारतो, डोकं आपटतो."

काकूंचा हात माझ्या कडीवर आला.

"दारू न पिता?"

"हो काकी, न पिता. डॉक्टरांना दाखवलं तर औषध आहे."

काकूंनी मला सताड उघडलं. त्यांना रडू आवरेना. "अहो, बाहेर या! हिला सगळं सांगा. आमच्याकडे एक आहे गं, लिही."

काका आले. त्यांनी आधी ती बॅग उचलून आत नेली.

मित्रांनो, मला गंज चढलाय, जमलं तर रंग द्या. कडीही लावत जा. हेमालीच्या पिशवीवर तर माझी नजर अजून आहे. पण घरातलं माणूस दुखतंय म्हणालं, तर त्याचं तोंड हुंगण्याआधी कपाळावर हात ठेवा. इतकी वर्षं ते कपाळ माझ्यावर टेकत होतं, आणि मी लोखंडाचा आहे, मला हात नाहीत.