दिवा वाढव

आश्विनातली उतरती दुपार. चौदा मजल्यांच्या काचेवर सूर्य चौदा ठिकाणी कललेला. काचेवरून सुवर्णरसाचे ओघळ, ताम्रवर्णाचे ओघळ, आणि खाली कुंपणाशी धुळीनं माखलेली एकच बाभळ, तीही क्षणभर सोन्याची. बाहेर आभाळ फुकट उजेड सांडत होतं. आत माणसं उजेड खोक्यातून काढून छताला टांगत होती.

टांगत होता रावसाहेब भालके. वायरमन. वय एक्केचाळीस. नावात साहेब, हातात पक्कड.

"या मजल्यावर सगळे पगारानं साहेब," तो शिडीच्या लाकडी घोड्यावरून म्हणायचा, "बारशापासून साहेब असलेला मी एकटा."

"उतरा मग, साहेब. चहा गार व्हायलाय," खाली वीजबोर्डाशी बसलेला मेव्हणा निवृत्ती म्हणायचा. "का चहा वर पाठवू, ट्रेमधून?"

दोघांची एक रीत होती. वर हात घालण्याआधी खालचा खटका पाडून वीज तोडायची. बोर्डाला कुलूप घालायचं. किल्ली रावसाहेबाच्या खिशात. ज्याचा जीव वर, त्याचीच किल्ली.

आणि दोघांचा एक शब्द होता.

रावसाहेबाच्या घरात दिवा कधी कुणी विझवला नाही. विझव म्हणणं अभद्र. दिवा वाढव म्हणायचं. तसं तर आपल्यात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मरणाच्या ओठाला मध लावणारी आपली भाषा, मंजुळ, मायाळू, आणि खरं सांगायचं तर भित्री. वीज तोडायची झाली की रावसाहेब वरून हाळी द्यायचा, "वाढव रे!" आणि निवृत्ती खटकन खटका पाडायचा. सतरा वर्षं तो शब्द चुकला नव्हता. सतरा वर्षं तो शब्द एकाच कानात पडत होता.

संध्याकाळी सहाला नव्या कचेरीचं उद्घाटन. झेंडूचे ढीग, शेवंतीचे ढीग, केशरी, पीतवर्ण, हळदओले. रावसाहेबाचा लाकडी घोडा सकाळीच बाहेर काढला गेला. रंगाचे डाग पडलेले, फोटोत वाईट दिसला असता. त्याच्या जागी ॲल्युमिनियमची शिडी आली. रुपेरी, चकचकीत, देखणी. लाकूड विजेला अडवतं, ॲल्युमिनियम तिला वाट देतं, हे रावसाहेबाला कळत होतं. फोटोला कळत नव्हतं.

मग ईशान आला. कचेरीचा सुपरवायझर, इंग्रजी शाळेत वाढलेला, स्वभावानं गरीब, वरून दटावून पाठवलेला.

"भालके, निम्मा हॉल तरी लावून द्या ना. फुलवाले आतल्या बाजूला अंधारात चाचपडताहेत."

"कुलूप काढलं की माझा जीव उघड्यावर, साहेब."

"तुमच्या बाजूचा खटका खालीच राहील. मी स्वतः उभा राहतो बोर्डापाशी. प्लीज. वरून फोनवर फोन येताहेत."

रावसाहेबानं किल्ली दिली. का दिली? 'नाही' म्हणणाऱ्या वायरमनला दुसऱ्या दिवशी कुणी बोलावत नाही, म्हणून दिली. निम्मा हॉल लागला.

तेवढ्यात कुणाला तरी आठवलं, नारळ राहिला. सुटाबुटातली चाळीस माणसं उभी होती. नारळ आणायला मात्र बोर्डापाशी बसलेलाच माणूस सापडला.

"दाजी, मी येईस्तोवर हात घालू नका," निवृत्ती म्हणाला.

"जा रे. दिव्याचं एकच पॅनेल उरलंय."

चुन्यासारखं पांढरं छत. छतात एक चौकोनी काळं विवर. विवरात रावसाहेबाचं डोकं, खांदे, हात. विवराबाहेर नुसते पाय, चंदेरी पायरीवर, झिजल्या चपलांतले. अर्धा माणूस अंधारात, अर्धा उजेडात.

उजव्या हातात वायरचं सोललेलं तांबं, अजून निर्जीव, अजून थंड. डावं मनगट शेजारच्या पेटलेल्या पॅनेलच्या पत्र्याला निसटतं लागलं. चुरचुरलं. मुंगी चावावी तसं. पत्र्यात वीज उतरलीय, सगळंच बंद करायला हवं, हे त्याच्या हाताला डोक्याआधी कळलं.

"वाढव!" तो सतरा वर्षांच्या सवयीनं ओरडला. "वाढव रे, दिवा वाढव!"

बोर्डापाशी निवृत्तीचा कान नव्हता. दुसरा कान होता, शुद्ध, आज्ञाधारक, घाबरलेला. वाढव म्हणजे अजून लाव. ईशाननं खाली पडलेला खटका वर केला.

उरलेला हॉलही उजळला. भिंती उजळल्या, काच उजळली, केशरी झेंडू अग्निवर्ण झाला. फुलवाल्यांनी माना वर केल्या. कुणीतरी "वा!" म्हणालं. आणि त्या दुग्धधवल, निष्कलंक, नव्याकोऱ्या उजेडात दोन झिजल्या चपला पायरीवर थरथर थरथर थरथरल्या, आणि थांबल्या.

लिफ्ट उघडली. निवृत्ती नारळ घेऊन उभा होता.

"ते वाढव म्हणाले," ईशान भिंतीला टेकून एवढंच बोलत होता. "ते वाढव म्हणाले, मी वाढवलं. ते वाढव म्हणाले..."

कचेरीच्या अहवालात एक ओळ आली. कामगाराने दिलेली सूचना संदिग्ध होती. संदिग्ध! कुलूप संदिग्ध नव्हतं. लाकडी घोडा संदिग्ध नव्हता. किल्ली मागणारा हात, नारळ आणायला पिटाळणारं बोट, फोनवर फोन करणारा तो वरचा आवाज, यातलं काहीच संदिग्ध नव्हतं. पण अहवालाला मेलेल्या माणसाची जीभ सापडली. ती उलटून बोलत नाही.

आठव्या दिवशी उद्घाटन झालं. त्याच हॉलात, त्याच उजेडात. नारळ वाढवला.

दहाव्या दिवशी, गावी, दिवेलागणीला बायका रावसाहेबाच्या बायकोभोवती, सुभद्रेभोवती बसल्या. रावसाहेबाला जिथं निजवलं होतं तिथं पिठावर दिवा जळत होता, मंद, पिवळा, दहा दिवसांचा थकलेला. चुलतसासूनं तिचं मनगट धरलं.

"दे गं बाई हात. बांगड्या वाढवू."

सुभद्रेनं मनगट सोडवून घेतलं. "काय करू म्हणालात?"

"वाढवू..."

"फोडू म्हणा."

चुलतसासूनं पदर तोंडाशी नेला.

"म्हणवत नाही ना? मग हातबी लावू नका."

ती उंबऱ्याकडे वळली. तिथं तिचा भाऊ निवृत्ती बसला होता.

"निवृत्ती, दिवा विझव."

तो दिव्याकडे बघत राहिला.

"विझव म्हणतेय. नीट ऐक. विझव."

तो उठला. दोन बोटांत वात चिमटली. उजेड गेला. वाढला नाही, विझला. काळोख काळोखाच्या नावानं घरात आला, कोनाड्यांत बसला, आढ्याला लागला, बायकांच्या पदरांत शिरला. आणि त्या काळोखात दोन मनगटांवर बारा हिरव्या बांगड्या किणकिणल्या, थांबल्या, पुन्हा किणकिणल्या, अखंड.