पाचवा सिंह

येसूबाईने चिंचेचा कोळ शेवटच्या नाण्यावर चोळला, ते पाण्यात बुचकळलं आणि पदराला पुसून ताटात ठेवलं. तांब्याची नऊच्या नऊ नाणी देवघरातल्या पंचपात्रीसारखी लखलखू लागली.

सातारा स्टँडवरून धोंडुबाईंना घेऊन आलेला जालिंदर उंबऱ्यातच थबकला. मागे म्हातारी पाय धूत होती.

"आवं, असं काय बगताय?" येसूबाई हळूच म्हणाली. "पोराची वस्तू आईच्या हातात द्यायची, ती गंजलेली व्हय? त्यातली त्याची कुटली, मला काय ठावं? म्हनून सगळीच घासली."

जालिंदरने ताट उचललं. लढाईत पलटण इराणात होती, तेव्हा त्याला या जुन्या नाण्यांचा नाद लागला. कशावर सिंह, कशावर मासा, गावागणिक छाप निराळा. "मोडीत बी कोन घ्यायचं न्हाई रं गड्या!" म्हणून पलटणीतला त्याचा जोडीदार कृष्णात हसायचा. तरी त्यानेही एक सिंह घेतला. तापाने पडला तो ते नाणं मुठीत धरूनच. तीन दिवसांच्या घामाने त्यावर अंगठ्याएवढा काळा डाग धरला. चौथ्या दिवशी मूठ सैल झाली.

त्याचं बाकी सगळं सामान जालिंदरने त्याच्या आईकडे, धोंडुबाईंकडे, माधवनगरला धाडलं. नाणं तेवढं ठेवून घेतलं. आपल्या चार सिंहांत पाचवा हवासा वाटला, एवढंच. वीस वर्षं झाली. मागल्या एकादशीला कीर्तनात बुवा म्हणाले, "परक्याची ठेव घरात असली, की देवाला वाहिलेलं फूलही परकंच." दुसऱ्या दिवशी त्याने धोंडुबाईंना कार्ड टाकलं.

आता त्याने पाचही सिंह उजेडात धरून पाहिले. अंगठ्याने चाचपले. डाग कुठेच नव्हता.

"कुटलं रं माज्या किस्नाचं?" धोंडुबाई भिंतीला टेकून बसल्या.

त्याने ताटच पुढे केलं. म्हातारीचं बोट सिंहांवरून सरकत गेलं आणि एका मोरावर थांबलं.

"ह्योच. ल्हान हुता तवा मोरामागं रानभर पळायचा."

मोर जालिंदरने इस्फहानच्या बाजारात घेतला होता. तेव्हा कृष्णातला जाऊन आठ महिने झाले होते.

येसूबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"व्हय मावशी," तो म्हणाला. "त्योच."

धोंडुबाईंनी नाणं पदराच्या गाठीत बांधलं आणि गाठ नाकाशी धरली.

"आंबूस वास येतुया बग अजून. रानातनं आला की आसाच घामाचा वास यायचा त्येच्या अंगाला."

येसूबाईने चिंचेचं वाडगं हळूच चुलीमागे सारलं.