भागतं का, वहिनी?

एक

चादरीचं दुसरं टोक खाली पडलं.

मी माझी दोन टोकं धरून उभी होते. समोर झुंबर उभी होती, हात कमरेवर. तिच्या कानातले लांब डूल तेवढे हलत होते. त्या डुलांवरूनच तिला झुंबर म्हणतात.

"उचल की," मी म्हटलं.

"तुझी तू घाल घडी. तुझं भागतं ना?"

मागे चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळावरच्या दोघी फिस्सकन हसल्या.

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकाला टोक लावायचं. मी आणि झुंबर इतकी वर्षं दिवसभर अशा एकमेकींकडे चालत येतोय. नवऱ्याकडेही मी इतकी चालत गेले नसेन.

त्या सकाळी मुकादमाने आम्हा सगळ्यांना उभं करून वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. आम्ही पगारवाढ मागितली होती, त्याचं उत्तर त्याला त्यात सापडलं होतं. सरकारने देशोदेशींच्या श्रीमंतीची तुलना करणारा अहवाल काढला होता. देशाची संपत्ती भराभर वाढली. ती माणसांच्या संख्येने भागली, तर माणशी येणाऱ्या वाट्यात आपण शेजारच्या दोन देशांना मागे टाकलं. बड्या देशांच्या मानाने अजून खाली आहोत. पण अहवालाच्या कर्त्याचं म्हणणं असं की, सगळं पैशात मोजता येत नाही. 'माझी वहिनी इस्पितळात चादरी धुते,' मुकादम घसा खाकरून वाचत होता, 'मी तिला आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो. भागतं का, वहिनी? आणि तिचं एकच उत्तर. भागतं. श्रीमंत देशातल्या माणसाला हेच विचारा, तो नाही म्हणेल.'

वर मोठा मथळा: भागतं!

"आता वाढ कशाला पाहिजे?" मुकादमाने कागदाची घडी खिशात घातली. "घरच्याच बाई साक्षीला आहेत."

अहवालाचा कर्ता माझा धाकटा दीर.

मी वाकून चादरीचं दुसरं टोक उचललं. मग पहिलं सुटलं. असं दिवसभर.

भागिले

नाही, हे तिथून सुरू होत नाही. हे अंड्यापासून सुरू होतं.

सासू-सासरे एकापाठोपाठ गेले, तेव्हा हा दीर दप्तर घेऊन आमच्याकडे आला. नाकातला शेंबूड पुसायचीही अक्कल नव्हती. मी त्याला बाळ्या म्हणायचे. माझी मुलगी त्याच्याहून दोन बोटं बुटकी. नवरा गोदामावर पहारेकरी. कोपऱ्यावरचा दुकानदार तडकलेलं अंडं स्वस्तात द्यायचा, आणि रोज एकच अंडं तडकायचं. एखाद्या दिवशी नाही तडकलं तर त्याची पाठ वळल्यावर मी अंगठ्याने तडकवायचे. देव मला त्याची शिक्षा देईल तेव्हा देवो.

संध्याकाळी ते अंडं टेबलावर यायचं आणि ह्यांना गणित सुचायचं.

"बाळ्या, एक भागिले चार किती?"

"पाव!"

"शाब्बास! मग पाव आम्हाला आणि अंडं तुला."

सगळे हसायचे. आम्ही तिघं चहात पाव बुडवून खायचो. बाळ्या अंडं खायचा, अख्खं, डोळे मिटून. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघायची. "तुला कुठे आवडतं अंडं," असं मी तिला म्हणायचे. लहान पोर. म्हणता म्हणता तिला खरंच आवडेनासं झालं.

पुढे तिची शाळा सुटली, त्याची नाही सुटली. ह्यांचा खोकला पावसापाण्याचा म्हणून अंगावर काढला, त्याच्या परीक्षेची फी नाही काढली अंगावर. हे गेले तेव्हा तो परगावी शिकत होता. येऊन माझ्याजवळ बसला. विचारलंन, "भागतं का, वहिनी?"

त्यावर काय म्हणतात बायका? सांगा मला. घरात येऊन बसलेल्या पोराला, ज्याच्या बुटांना तळ नाही, त्याला काय म्हणतात?

म्हटलं, भागतं.

तेव्हापासून तो दर खेपेला विचारायचा आणि मी दर खेपेला म्हणायचे. दारात आल्यावर पाय पुसावेत तसं ते झालं होतं. बोलायचं म्हणून बोलायचं. तो हे कुठे तरी साठवतोय हे मला काय माहीत!

मुलगी आता समुद्रापलीकडे असते, एका फार श्रीमंत देशात. म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. त्या रात्री तिला फोनवर सगळं सांगितलं.

"काकाच्या यादीत तुझा देश कुठे आहे गं?"

"माझा कसला आई. पण वरच असणार. रस्ते बघशील तर जेवण वाढून घ्यावंसं वाटेल त्यांवर."

"आणि तू?"

"आम्ही पाचजणी एका खोलीत. पलंग वरखाली. खालचा मिळाला की ती बाई राणी." ती हसली. "पण मोजताना मला त्यांच्यातच धरतात हां. त्यांच्या संपत्तीत माझाही वाटा आहे, कागदावर."

"म्हातारे चांगले आहेत का?"

"माझी म्हातारी डब्यातलं सूप उभ्याने पिते. घर एवढं मोठं, की हाक मारली तर मलाच दुसऱ्या खोलीत ऐकू येत नाही. मी तिला विचारलं एकदा, आजी, भागतं का? तिच्या भाषेत तो शब्दच नाही." मग थांबून म्हणाली, "आई, काकाशी भांडू नकोस. त्याला काही आठवत नसेल."

"आठवण करून देईन."

"काय करणार आहेस?"

"काही नाही. जेवायला बोलावणार आहे."

चार

मला बोलवावं लागलंच नाही. त्याचाच फोन आला.

"वहिनी, परदेशातले दोन पाहुणे आलेत, मोठ्या संस्थेचे. माझा अहवाल ते सगळ्या देशांसमोर नेणार आहेत. पहिल्या पानावर तू आहेस ना, त्यांना तुला भेटायचंय. काही विशेष करू नकोस हं. नेहमीसारखंच."

"नेहमीसारखंच?"

"अगदी."

"बरं. या तुम्ही."

"तुम्ही? कधीपासून, वहिनी?"

"मोठे झालात."

आदल्या दिवशी त्याच्या कचेरीतला शिपाई पांढराशुभ्र टेबलक्लॉथ देऊन गेला. म्हणाला, उद्या संध्याकाळी परत न्यायला येतो, कचेरीतला आहे, जपा. मी बोटांनी कापड चाचपलं. आमच्या इस्पितळाच्या खाजगी खोल्यांतल्या चादरींपेक्षा भारी होतं.

आले. एक उंच बाई, एक दाढीवाला, त्यांचं बोलणं आम्हाला आणि आमचं त्यांना सांगणारी दुभाषी मुलगी, आणि तो. चौघं. खोलीत चारच खुर्च्या बसतात, म्हणून मी ओट्याशी उभी राहिले. तशी मी नेहमीच उभी असायचे.

दाढीवाल्याने भिंती पाहिल्या, छत पाहिलं, वाळत घातलेले माझे दोन झगे पाहिले आणि नजर चटकन काढून घेतली. माणूस सभ्य होता. उंच बाई हसून काहीतरी म्हणाली. दुभाषी मुलीने सांगितलं, "मावशी, त्या म्हणतात, तुमचं घर फार नीटनेटकं आहे."

"त्यांना म्हणावं, पसरायला काही असावं लागतं."

दीर मोठ्याने हसला. "अशीच आहे माझी वहिनी!"

मी टेबलाच्या मधोमध ताटली ठेवली. ताटलीत सोललेलं एक अंडं. शेजारी पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा.

तो बघतच राहिला. त्याचे डोळे खरंच भरून आले. खोटं कशाला बोलू?

"दोरा!" तो म्हणाला. पाहुण्यांकडे वळून त्यांच्या भाषेत भडाभडा बोलायला लागला. दुभाषी मुलगी माझ्या बाजूला सरकून मला हळू आवाजात सांगत होती. "ते म्हणतायत, घरात एकच अंडं असायचं. वहिनी ते दोऱ्याने कापायच्या. चार सारखे भाग. कुणाला रतीभर कमी नाही, कुणाला जास्त नाही. अर्थशास्त्राचा पहिला धडा मी ह्या टेबलावर शिकलो, म्हणतायत."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

मला वाटलं होतं, तो लाजेल. ओशाळेल, मान खाली घालेल. त्यासाठीच तर मी हा सगळा घाट घातला होता. आमच्या घरात दोरा बटणं लावायला होता, अंड्याला कधी लागलाच नव्हता. अख्खं अंडं खायला दोरा कशाला लागतो? दोरा मी आज पहिल्यांदा ठेवला होता. आणि त्याला तो आठवत होता.

त्याने गणित केलं होतं ना. एक भागिले चार. उत्तर आलं होतं. म्हणजे सगळ्यांना मिळालंच असणार.

"भागा की मग," मी म्हटलं. "तेव्हा चार होतो, आज तुम्ही चार आहात."

त्याने दोरा ताणून अंड्याला लावला. एकदा उभं, मग अर्ध्यांचं अर्धं. अंडं मी मुद्दाम जरा कमी उकडलं होतं. बलक ओघळला आणि त्याच्यासमोरच्या पांढऱ्या कापडावर पिवळा ठिपका पडला. त्याने प्रत्येकाच्या ताटलीत एकेक भाग ठेवला आणि आपला डोळे मिटून खाल्ला. अगदी तसाच.

उंच बाईने हात पुढे केला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

"त्या विचारतायत, तुम्हाला?" मुलगी म्हणाली.

"माझं भागतं."

दुभाषी मुलगी अडली. कपाळाला आठी घालून म्हणाली, "मावशी, कुठलं भागतं? मी त्यांना 'पुरतं' म्हणून सांगू ना?"

"पुरतं म्हणजे भागतं असं कोण म्हणालं? पुरत नाही तेव्हाच भागतं म्हणतात. आणि दिवसभर चादरी उचलून मी भागते, तेही सांग."

"वहिनी, काय बोलतेस हे?" दिराचा आवाज उतरला.

"नेहमीसारखंच. मुली, एक भागिले चार म्हणजे किती?"

"पाव."

"आणि सकाळी चहाबरोबर काय खातेस?"

ती हसली. मग तिचं हसू हळूहळू गेलं.

"हां," मी म्हटलं. "एकच शब्द आहे ना आपल्यात? माझा नवरा विचारायचा, हे साहेब म्हणायचे पाव. मग आम्ही पाव खायचो. मी, माझा नवरा आणि माझी मुलगी. चहात बुडवून. अंडं एकच जण खायचा. आता हे सांग त्यांना. सावकाश सांग, घाई नाही."

तिने सांगितलं. बराच वेळ लागला. त्यांच्याकडे त्या दोन गोष्टींना दोन शब्द असणार. मी दिराकडे बघत होते. मुलगी बोलत होती आणि त्याला ते परक्या भाषेतून पहिल्यांदा कळत होतं. आधी भुवया चढल्या. मग ओठ उघडले. मग हात रुमाल शोधायला लागले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. वाटू नये असं म्हणतात, पण वाटलं.

उंच बाईने ताटली पुढे सारली. दाढीवाल्यानेही सारली. मुलीने आपल्या वाट्याला हातच लावला नव्हता.

बाई काहीतरी बोलली. "त्या विचारतायत, पहिल्या पानावरचा तुमचा शब्द ठेवू का?"

दीर माझ्याकडे बघत होता. वर्गात निकाल सांगतात तेव्हा तो असाच बघायचा.

"काढा," मी म्हटलं.

दारात पाहुणे पुढे गेल्यावर तो मागे थांबला. "वहिनी, चुकलं माझं?"

"नाही. उत्तर बरोबर होतं."

"मी लहान होतो गं."

"तेव्हा होतात."

तो जिना उतरायला लागला. मध्येच पायरीवर थांबला. सवयीने तोंड उघडलंन, तोच प्रश्न ओठांपर्यंत आला होता. मी दार लावलं.

बरोबर

झुंबर खालच्या मजल्यावर राहते. मोटार गेल्याचा आवाज आला आणि ती वर आली. दारातच उभी, हात कमरेवर.

"काय गं, काय झालं? तुझा साहेब पडल्यासारखा उतरला."

"शब्द काढून घेतला."

"आता पगार वाढेल?"

"ते मी कुठे म्हटलं?"

ती आत आली. टेबलाकडे तिचं लक्ष गेलं. "हे अंडं कुणाचं उरलं?"

"उरलं नाही. आमचं आहे."

एक पाव मी उचलला आणि उभ्यानेच खाल्ला. मीठ लावायचं राहिलं. दोन पाव ताटलीत तसेच ठेवले, वर वाटी पालथी घातली. एक ह्यांचा, एक मुलीचा. 

"आणि हा टेबलक्लॉथ?"

"कचेरीचा आहे. शिपाई येईल न्यायला."

झुंबर वाकली, ठिपका नखाने खरवडू लागली. "बलक आहे. थंड पाण्यात टाक लगेच. गरम पाणी लागलं तर जन्मात निघणार नाही."

"माहीत आहे."

मी शेगडीवर पाणी ठेवलं. झुंबर माझ्याकडे बघत राहिली. पाण्याला उकळी फुटली तेव्हा तिला कळलं. तिचे डूल तेवढे हलले. कापड उकळून झालं, पिळून झालं, आणि ओलं असतानाच त्यावरून मी कडक इस्त्री फिरवली. ठिपका फिकट, पण पक्का बसला. जिथे दीर बसला होता, बरोबर तिथे.

मी माझी दोन टोकं धरली.

समोरची दोन टोकं उचलली गेली. आम्ही कापड ताणलं, झटकलं आणि एकमेकींकडे चालत आलो.

"डाग वर ठेवायचा की आत?" झुंबरने विचारलं.

"वर," मी म्हटलं.