साखरबाईंचा फ्लेक्स अडकला

केडगाव स्टेशनच्या रस्त्याला इनुसचं फ्लेक्स डिझाइनचं दुकान होतं. पूर्वी तो ब्रशनं पाट्या रंगवायचा; आता लॅपटॉपवर डिझाइन करायचा आणि छापायला दौंडच्या प्रेसला पाठवायचा. पण महिनाभर वायफायनं त्याला जेरीस आणलं होतं. व्हिजिटिंग कार्डाची बारकी फाईल झटक्यात जायची. मोठ्या फ्लेक्सची निघाली की अर्ध्या वाटेत लॅपटॉपचं वायफाय तुटायचं. मोबाईलवर मात्र तेच वायफाय झकास चालायचं.

कंपनीचा माणूस राउटर बदलून गेला. इनुसनं लॅपटॉप राउटरला खेटून ठेवला, वीज वाचवायची सेटिंग बंद केली. तापत असेल म्हणून त्याच्या बायकोनं, नूरबीनं, समोर टेबलफॅन लावला. गुण शून्य. शेवटी तो पेनड्राइव्ह खिशात घालून मोटारसायकलनं दौंडला जाऊ लागला आणि पाटसजवळ घसरून पाय मोडून बसला.

असा प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून तो बसलेला असताना दुपारी खुटबावचे हौसराव आप्पा आले. धोतर, टोपी, हातात मोबाईल.

"इनुस, एक फ्लेक्स कर बाबा. उद्या सकाळी चौकात लागला पायजे."

"कुणाचा, आप्पा? नातवाचा?"

"न्हाई. आमच्या मंडळींचा. उद्या वाढदिवस हाय तिचा. आधारवर एक जून हाय."

इनुस हसला. "एक जूनला निम्म्या तालुक्याचा वाढदिवस असतोय, आप्पा."

"असू दे की. मास्तरांनी लिवली तीच तारीख खरी. आता दुसरं सांगणारं कोण ऱ्हायलंय?"

त्यांनी फोटो दाखवला. गोठ्यापुढं बादली घेऊन उभ्या साखरबाई तोंड भरून हसत होत्या.

"मी शेणावरनं घसरून पडलो व्हतो तवा नातीनं काढलाय," आप्पा म्हणाले.

इनुसनं फोटो कापून घेतला. "खाली शुभेच्छुक कोण कोण टाकू?"

"कुणीबी नको. एकटी असू दे. जल्मभर दुसऱ्यांच्या पंगती वाढत आली. एकदा तरी मोकळी उभी ऱ्हाऊ दे."

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, असं..."

"नको, लाजंल ती. नुसतं नाव लिव्ह. आन् भोवती फुलं लाव, भरपूर."

"तुमचं नाव तरी?"

"माझं कशाला? तिला कळंल की."

एरवी इनुसच्या नजरेतून काही सुटलं नसतं. पण त्याचं सगळं ध्यान पुढच्या संकटाकडं होतं. प्रेसवाल्या खंडूचा फोन येऊन गेला होता, "मशीनवर रांग लागलीय, सहाच्या आत फाईल पाठव."

फाईल निघाली. आप्पा खुर्ची ओढून टक्के वाचू लागले. चाळीस झाले, साठ झाले, सत्तरला वायफाय तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं.

"शर्यतीच्या घाटात बैल निशाणापाशी येऊन बसावा तसं झालं की रं," आप्पा हळहळले. मग उठलेच. "दे ती पेनड्राइव्ह. मी यष्टीनं दौंडला जाऊन येतो."

"बसा आप्पा," चहा घेऊन आलेली नूरबी म्हणाली. "एकाचा पाय मोडलाय तेवढं बास झालं." टेबलावर कप ठेवायला जागा नव्हती, लॅपटॉपच्या कुशीत काळी हार्ड डिस्क पसरली होती. ती बघून नूरबीनं विचारलं, "ऐका ना, बारक्या फायली आन् मोठ्या फायली एकाच जागंवरनं पाठवता का?"

"बारक्या लॅपटॉपमधनं. मोठ्या ह्या डिस्कवरनं. लॅपटॉपात जागा कुठाय?"

"ही डिस्क कवा घेतली?"

इनुसनं बोटांवर दिवस मोजले. डिस्क महिन्यापूर्वीच घेतली होती. त्यानं चार जुने व्हिडिओ उडवून लॅपटॉपमध्ये जागा केली, साखरबाईंना तिथं आणलं आणि डिस्कची वायर काढून टाकली. मग फाईल पाठवली.

सत्तर गेले. ऐंशी गेले. आप्पा खुर्चीच्या कडेला सरकले. शंभर.

"पोचली?"

"पोचल्या, आप्पा. दौंडात पोचल्या."

"माझ्याबिगर पयल्यांदाच गेली कुठं," आप्पा म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसत घराकडं निघाले.

खात्री करायला इनुसनं डिस्क परत जोडली. दुसरी फाईल तुटली. मोबाईलवर शोधल्यावर उमगलं, जोरात चालणारी डिस्क लॅपटॉपला चिकटून असली की वायफायच्या लहरींत खरखर करते. मोबाईल दूर, म्हणून त्याला काही होत नव्हतं. इनुसनं लॅपटॉप राउटरच्या दुसऱ्या, ही खरखर न लागणाऱ्या पाच गिगाहर्ट्‌झच्या वायफायला जोडला आणि लांब वायर लावून डिस्क टेबलाच्या पार टोकाला सरकवली. डिस्क चालू असतानाही फाईल सरळ गेली. "तुला दुकानात मालकीण करतो," तो नूरबीला म्हणाला. "आजवर कोण व्हतं मग?" असं म्हणून ती कप उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स चौकात लागला आणि तासाभरात दुकानापुढं रिक्षा थांबली. आधी साखरबाई उतरल्या, मागून मान खाली घातलेले आप्पा.

"इनुस तूच का रं? मला मारलंस व्हय?"

"काय झालं, मावशी?"

"काय झालं! बाई एकटीच, भोवती फुलं, शुभेच्छा न्हाईत, कायबी न्हाई. शेजारची तुळजाबाई दारात येऊन गळा काढून रडाय लागली. मीच तिला पाणी पाजलं! आन् हे म्हणत्यात, बघ तुझ्यासाठी किती माणसं आली."

इनुसनं कपाळावर हात मारला. नूरबी पदर तोंडाला लावून आत पळाली.

"चुकलो, मावशी. दुसरा करून देतो, शुभेच्छा घालून."

"मेल्याचं मला काय न्हाई," साखरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. "पर फ्लेक्सवर मी एकटीच का? पन्नास वरसं झाली, एकटी कुठं उभी ऱ्हायले न्हाई मी. ह्यांना घाल शेजारी."

इनुसनं दोघांना भिंतीपुढं उभं केलं. आप्पा खांबासारखे ताठ. साखरबाईंनी त्यांची टोपी नीट केली, वरचं बटण लावलं, तरी चेहरा काही सैल होईना. मग त्या त्यांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटल्या आणि आप्पा असे खदखदून हसले की इनुसला फोटो काढायला क्षणभर उशीर झाला.

नवा फ्लेक्स झाला, दोघांची नावं, शुभेच्छा, सगळं घालून. फाईल आधीपेक्षा जड होती, पण कुठं न अडता दौंडला गेली.

"काय सांगितलंत हो मावशी कानात?" नूरबीनं विचारलं.

"ते फ्लेक्सवर घालायचं नसतंय, बाई," म्हणत साखरबाई रिक्षात चढल्या आणि आप्पांसाठी सरकून जागा केली.