सत्तावीस सह्या

अपूर्वाला काखोटीला मारून नीरजा पालिकेचा जिना चढली, तेव्हा आळीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आठ महिन्यांची पोर घेऊन कोणी सभेला येतं होय? एरवी तासभर कुठे जायचं झालं की नीरजा पोर समोरच्या कमळाकाकूंच्या मांडीवर टाकून निघायची. तिचा नवरा सलिल लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, पाळ्यांमुळे तिकडेच खोली घेऊन राहिलेला, आठवड्यातून एकदा यायचा. अपूर्वाची पहिली अंघोळ काकूंच्याच हातची.

पण गेले पंधरा दिवस नीरजाने पोर काकूंकडे दिली नव्हती.

कारण होतं बावेचं. वरच्या आळीच्या मधोमध ही सार्वजनिक विहीर. सगळे तिला बावच म्हणत. एप्रिल लागला की नळ दिवसाआड, तोही अर्धा तास. मग पोरीचे लंगोट, भांडी, पिण्याचं, सगळी भिस्त बावेवर. ती बुजवून तिथे दुकानांचे गाळे काढायचे, असा विषय आज सभेपुढे होता. आणि म्हणे आळीनेच संमती दिली होती, लेखी.

"आपल्यातलंच कोणीतरी फितलंय," मथुरावहिनी रोज रहाटाशी म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांची नजर कमळाकाकूंच्या पडवीवर. काकूंचं घर बावेला लागून. गाळे झाले की त्या पडवीलाच मोल येणार. त्यात मोजणीवाला टेप घेऊन आला तेव्हा काकूंनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला, हे नीरजाने स्वतः खिडकीतून पाहिलं होतं. काकू हात लांब करकरून बावेकडे काहीतरी दाखवत होत्या. त्या दिवसापासून "आण गो पोरीला," अशी काकूंची हाक आली की ही आतूनच म्हणायची, "झोपलीय हो आत्ताच." आणि नेमकी तेव्हाच अपूर्वा भोकाड पसरायची.

सभागृहात काकू शेवटच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. शेजारी जागा होती. कोणी बसलं नाही. नीरजाही पुढे गेली.

"विषय वाचू द्या, मग तुमचं ऐकतो," अध्यक्ष म्हणाले.

आळीचे नगरसेवक आत्मारामभाऊ उठले. कडक इस्त्रीचा सदरा, हातात कागद. "वरच्या आळीतील समस्त महिलांची बैठक पंचवीस जानेवारी रोजी होऊन..."

"कसली बैठक? कुणाच्या घरी?" मथुरावहिनी बसल्या जागेवरून ओरडल्या.

"सत्तावीस सह्या आहेत, वहिनी. तुमची पहिली आहे. वाचू?"

आत्मारामभाऊ वाचत गेले. सौभाग्यवती अमुक, सौभाग्यवती तमुक. प्रत्येक नावाला एकेक बाई दचकत होती. चौदावं नाव नीरजाचं. तरी तिचे कान मात्र काकूंच्या नावाकडे. आता येईल, आता येईल. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. यादी संपली.

काकूंचं नाव आलंच नाही.

मग आपण सत्तावीसजणी कुठे होतो, जिथे काकू नव्हत्या?

आणि तिला लीलावहिनींचं, आत्मारामभाऊंच्या बायकोचं, माजघर आठवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू. एका हातात अपूर्वा, दुसऱ्यात वाणाची स्टीलची वाटी, आणि लीलावहिनी पेन पुढे करतायत, "नळ रोज यावा म्हणून अर्ज देतोय गो. मजकूर मागनं टाईप करून घेऊ, तू सही ठोक." परतताना पडवीतून काकूंनी विचारलं होतं, "वाण काय लुटलंन गो लीलाने यंदा?" नीरजाने वाटी पदराखाली घेतली होती. काकू विधवा. त्यांना बोलावणं नव्हतं, नसतंच.

पुढच्या रांगेत लीलावहिनी मान खाली घालून पर्सची चेन उघडझाप करत होत्या.

नीरजा उठली. "साहेब, मला बोलायचंय. यादीत चौदावी मी."

"मग तुमची संमतीच आहे की," कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

"सही माझी आहे. बैठक झालेली नाही. लीलावहिनींच्या हळदीकुंकवाला कोरा कागद फिरला, नळाच्या अर्जाचा म्हणून. मी बी.ए. झालेली बाई, कोऱ्या कागदावर सही केली."

"आता काय, कोणी काहीही म्हणेल," आत्मारामभाऊ हसले. "पोरीने रात्री झोपू दिलेलं दिसत नाही वहिनींना."

"समस्त महिला म्हणता ना? मग बावेला लागून जिचं घर, त्या कमळाकाकूंचं नाव कुठाय? सत्तावीस सौभाग्यवती आहेत, एक तरी श्रीमती दाखवा. बैठकीला विधवा बाई चालते, भाऊ. हळदीकुंकवाला तेवढं आपण बोलावत नाही."

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी कागद मागून घेतला, खिडकीकडे धरला. "हे पहिल्या सहीशी पिवळं काय लागलंय?"

"माझं बोट ते!" मथुरावहिनी उभ्याच राहिल्या. "हळदीचं!"

अध्यक्षांनी कागद आत्मारामभाऊंना दिला नाही, स्वतःच्या फायलीत ठेवला. "विषय तहकूब. आळीत जाऊन विचारा पुन्हा. सगळ्यांना."

नीरजा खाली बसली आणि अपूर्वाने टाहो फोडला. मागून दोन हात पुढे आले.

"आण," कमळाकाकू म्हणाल्या. "आज झोपलेली दिसत नाही."

नीरजाला वर बघवेना. तिने पोर दिली. काकूंच्या खांद्यावर पडल्या पडल्या अपूर्वा गप्प झाली, काकूंच्या चष्म्याची दोरी तोंडात घालून.

"काकू, तो मोजणीवाला..."

"त्याला म्हटलं, सून म्हणून आले तेव्हापासून ही बाव कधी आटलेली बघितली नाही, लिही तुझ्या वहीत. कसला लिहितोय! चहा तेवढा दोनदा प्यायलान." काकू जिन्याकडे वळल्या. "आणि तहकूब म्हणजे रद्द नव्हे हो. कागद पुन्हा येईल. आला की आधी माझ्या पडवीत आण. मला बोलावणं नसलं तरी वाचता येतं."